जागा शिल्लक नाही

मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला 'जागा शिल्लक नाही' या वाक्याचं नवल वाटू नये. लोकलच्या दारात, शाळाप्रवेशाच्या खिडकीवर, लग्नाच्या कार्यालयात आम्ही ते ऐकतच आलो. हल्ली ते खिशातून ऐकू येतं. भाचीचा साखरपुडा असतो, मुलगा अंगठी पुढे करतो आणि नेमका त्याच क्षणी फोन कळवतो की फोटोसाठी जागा नाही. मग भावी जावयाला अंगठीसकट तसंच धरून ठेवायचं आणि आपण कोपऱ्यात जाऊन काय काय पुसता येईल ते शोधायचं. घरचा कॉम्प्युटर याच विकारानं अंथरुणाला खिळलाय. आणि वर जो ढग आहे, ज्याला शिकलीसवरलेली मुलं क्लाउड म्हणतात, तो दर चार दिवसांनी पत्र धाडतो की आपली १५ जीबी भरत आली, आता दरमहा काहीतरी द्या.

तीन ठिकाणी फोटो, तिन्ही ठिकाणं भरलेली, आणि हवा तो फोटो एकाही ठिकाणी सापडत नाही! आम्ही पडलो बँकेतले कारकून. दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळण्यात केस पांढरे झाले. त्यामुळे फोटो हा मला कलेपेक्षा ठेवींचाच प्रश्न वाटतो. त्या नजरेनं फोटोग्राफीचा इतिहास उघडला, तर पहिल्याच पानावर ट्रंक निघाली.

१८२६ किंवा २७ साली निसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थानं आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं एका धातूच्या पत्र्यावर उमटवली. त्याला निदान आठ तास लागले. (आमच्या सोसायटीच्या ग्रुप फोटोलाही जवळजवळ तेवढेच लागतात, पण त्याची कारणं रासायनिक नाहीत.) आज शिल्लक असलेलं हे जगातलं सगळ्यांत जुनं छायाचित्र. लोकांनी ते जिवापाड जपलं असेल, असं तुम्हाला वाटेल. १८९८ साली ते एका प्रदर्शनात दिसलं आणि मग गडप झालं. हेल्मुट गर्न्सहाइम नावाचा इतिहासकार हात धुऊन मागे लागला, तेव्हा कुठं १९५२ साली ते इंग्लंडमधल्या एका विसरलेल्या ट्रंकेत मिळालं. हल्ली ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात असतं. कॉटखालची ट्रंक ही फक्त आपल्याच संस्कृतीची देणगी आहे, हा माझा अभिमान त्या दिवशी गळून पडला.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. तेव्हाची निगेटिव्ह म्हणजे काच, आणि काच सांभाळणं म्हणजे सासूचे लोणच्याचे बरणे सांभाळण्यासारखंच. राजा दीनदयाळ १९०५ साली वारले. पण त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या आणि त्या आजही आहेत. काच टिकते आणि आमची २००६ सालची सीडी टिकत नाही, याला काय म्हणावं! त्या काळच्या स्टुडिओंची आणखी एक पद्धत मला फार आवडते. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचं नाव आणि खाली छापलेलं असे की निगेटिव्ह ठेवली आहे, हवी तेव्हा प्रत मिळेल. म्हणजे क्लाउडच की! फरक एवढाच, की त्या क्लाउडला पत्ता होता आणि आत दुपारी झोपणारा एक मालक होता.

आता जरा आमच्या जातीचा माणूस येतोय, तेव्हा सावरून बसा. ज्यानं फोटो घरोघर नेला तो जॉर्ज ईस्टमन अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी बचत बँकेत कारकून होता. होय, कारकून! दिवसा लेजर, रात्री स्वयंपाकघरात रसायनं. त्याचे चरित्रकार सांगतात की बँकेतली वरची जागा रिकामी झाली, ती त्याला मिळाली नाही, आणि १८८१ साली त्यानं राजीनामा टाकला. प्रमोशन हुकलेले कारकून मी पुष्कळ पाहिलेत. ते चहा वाढवतात, युनियनमध्ये जातात, फार तर होमिओपॅथी शिकतात. या पठ्ठ्यानं १८८८ साली कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेरा उचलून रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरांत फोटो छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत. गिऱ्हाइकानं फक्त बटण दाबायचं. आपल्या फोटोंचं पुढे काय होतं हे आपल्याला कळायची गरज नाही, ही सवय जगाला लागली ती तेव्हापासून, आणि लावली ती बँकेच्या माणसानं.

आमच्या घरात अॅग्फाचा क्लिक-३ होता. एका रोलवर बारा फोटो. या बारांत सत्यनारायण, दोन बारशी, कोयनानगरची सहल आणि नव्या स्कूटरसह वडील एवढं सगळं बसायचं. बारावा फोटो उरला असेल तर रोल धुवायला टाकत नसत. तो दिवाळीपर्यंत तसाच पोटात ठेवून कॅमेरा कपाटात बसे. मग फोटो काळ्या पानांच्या आल्बममध्ये, चार कोपऱ्यांना चार कागदी टोप्या घालून. जागेची चणचण तेव्हा कधी भासली नाही, कारण पैशांचीच होती.

आणि असे बाराही नशिबी नसलेले लोक होते. माझ्या काउंटरवर एकदा एक बाई आईचं खातं बंद करायला आल्या. मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळे कागद चोख. शिल्लक साडेतीनशे रुपयांच्या आसपास. सह्या झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, फॉर्मवर आईचा फोटो असेल ना? आमच्याकडे एकही नाही हो." मी जुना फॉर्म काढला. पासपोर्टएवढा काळापांढरा फोटो, डोक्यावर पदर, डोळे फोटोग्राफरनं दटावल्यासारखे ताठ, आणि हनुवटीवर आमच्या शाखेचा गोल शिक्का. मूळ कागद देता येत नव्हता. अधिकाऱ्यांना विचारून मी झेरॉक्स काढून दिली. बाईंनी साडेतीनशे रुपये न मोजता पर्समध्ये टाकले आणि झेरॉक्स मात्र पासबुकात घालून, ते पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून नेली.

असो. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं रोलशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोंच्या वर. फोटो काळापांढरा आणि अंधुक, आणि तो साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे हे त्यानंच ठरवलं: तीस. रोलमध्ये २४ किंवा ३६ असतात, तेव्हा मधला आकडा बरा. मला हा माणूस त्या तिसासाठी आवडतो. वाटेल तेवढे घ्या म्हणण्याची सोय हाताशी येत असताना त्याला मर्यादा सुचली! वरच्या साहेबांनी त्याला विचारलं, की हे फोटो लोक ठेवणार कसे, याचा आल्बम कसा असणार? साहेबांचा प्रश्न मूर्खपणाचा होता असं आजवर सगळे म्हणत आले. माझ्या फोनमध्ये या क्षणी अकरा हजार चारशे फोटो आहेत, आणि मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. कोडॅकनं मात्र रोलांवरच भिस्त ठेवली आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढचं सगळं भराभर झालं. २०१५ साली गूगलनं फोटोंचं कोठार उघडलं आणि सांगितलं की हवे तेवढे टाका, फुकट. थोडे आक्रसून ठेवू, इतकंच. आपल्याकडे फुकट म्हटल्यावर काय होणार! पोळीचा फोटो, पावतीचा फोटो, पंख्याचा चुकून आलेला फोटो. त्यात सकाळच्या मंडळींचे गुलाब. सुप्रभाताच्या या चित्रांनी भारतातले फोन तुंबतात, हे खुद्द गूगलच्या संशोधकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ती शोधून पुसायची सोय काढली. आमच्या नानामामांच्या गुलाबांची दखल कॅलिफोर्नियात घेतली गेली, याचा घरात सर्वांना अभिमान आहे. २०२० च्या नोव्हेंबरात कोठारात चार लाख कोटींवर फोटो असल्याचं आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे येत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं, आणि त्याच दमात सांगितलं की १ जून २०२१ पासून फुकट बंद. तेव्हापासून ईमेल, कागदपत्रं, फोटो सगळ्यांना मिळून १५ जीबी. अॅपलवाले २०११ पासून फुकट पाचच देतात. त्यांनी निदान आशा लावली नव्हती.

खरी गोम पुढेच आहे. "बाबा, फोटो सिंक होतायत," असं चिरंजीव म्हणाले, तेव्हा आमच्या सौ. मोरीकडे धावल्या होत्या. मला वाटलं होतं की फोनमध्ये एक, कॉम्प्युटरवर एक आणि ढगात एक, म्हणजे तीन प्रती झाल्या. छे! सिंक म्हणजे जॉइंट अकाउंट, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. पासबुकं तीन असतील, खातं एकच. फोनवरून पुसलात की ढगातूनही गेला, कॉम्प्युटरवरूनही गेला. कचऱ्याच्या डब्यात महिना-दोन महिने पडून राहतो, तेवढीच मुदत. वेगळं बटण असतं ते फक्त फोनची जागा मोकळी करण्याचं: वर पोचलेले फोटो ते खिशातून काढतं आणि वर राहू देतं. ही दोन बटणं ओळखता येणं यालाच हल्ली साक्षरता म्हणावं. पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरनं याचा हिशेब सोपा करून ठेवलाय: प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आम्ही बँकेत किल्ल्यांच्या दुसऱ्या जोडाचं हेच करतो. तो दुसऱ्या शाखेत असतो.

आणि नॉमिनी? खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसला तर आम्ही ते निष्क्रिय करतो. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारस आला तर परत मिळतात. गूगलचा नियमही दोन वर्षांचाच. मात्र खातं तेवढा काळ कुणी उघडलं नाही, तर फोटोंसकट पुसून टाकण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलाय. नॉमिनीसारखी सोय गूगलनं २०१३ साली केली, अॅपलनं २०२१ साली. ती भरलेला माणूस मला अजून भेटायचाय. बँकेत २०२५ च्या नोव्हेंबरपासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात आणि लोक चौघांची नावं घालायला मांडवासारखी गर्दी करतात.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, फोटोंचे भारी शौकीन. मैलाच्या दगडाचेही फोटो काढत. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत गेले. फोनचा सहा आकडी नंबर फक्त त्यांनाच ठाऊक. ताईनं स्वतःचा वाढदिवस घालून पाहिला, लग्नाची तारीख घातली, मुलांच्या तारखा घातल्या. फोननं तिला आधी एक मिनिट, मग पाच मिनिटं, मग तासभर थांबायला सांगितलं. कंपनीला लिहिलं. दुःखात सहभागी आहोत, कृपया कोर्टाचा हुकूम जोडावा, असं उत्तर आलं. मला त्या उत्तराचा राग येईना, कारण तसली पत्रं मी स्वतः टाइप करतो. वकील म्हणतात, होईल, वेळ लागेल. ताई रोज रात्री तो फोन चार्जिंगला लावते. बंद पडद्यावर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा दोघांचा फोटो आहे, आणि किती वाजले ते आकडे बरोबर दाजींच्या तोंडावर येतात.

त्यानंतर मी घरात फतवा काढला. दरवर्षी छत्तीस फोटो निवडायचे, एका रोलइतके. छापायचे, पाठीमागे पेन्सिलीनं नावं आणि गाव लिहायचं. मूळ प्रती वेगळ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क ताईच्या कपाटात. फोनचा नंबर एका कागदावर, कागद पाकिटात, पाकीट लॉकरमध्ये. गेले तीन रविवार निवड चालू आहे. अकरा हजारांतून आम्ही सतरापर्यंत आलो. अठराव्यात मी बरा दिसतोय पण सौ. जाड दिसताहेत, एकोणिसाव्यात उलट. चिरंजीवांचं म्हणणं, दोन्ही ठेवा, जागा आहे की!