कुऱ्हाडीने पाडलेली भोके

इतिहासाच्या साधनांत घरातली धावपळ सहसा सापडत नाही. वाऱ्याचा वेग, पाण्याची उंची, मृतांचा आकडा यांची नोंद होते. पिठाचे पोते कोणी कुठे हलवले, याची होत नाही. ८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन शहरावर चक्रीवादळ आदळले. त्यातून बचावलेल्यांच्या आठवणी चाळताना एका तपशिलापाशी मी थांबलो. त्या दिवशी कित्येकांनी कुऱ्हाड घेऊन आपल्याच घराच्या लाकडी जमिनीला भोके पाडली होती.

प्रथम मला हा वेडेपणा वाटला. पाणी घरात शिरू नये म्हणून माणूस धडपडतो. इथे ते मुद्दाम आत घेतले जात होते. कारण मात्र साधे होते. घरे लाकडी, खांबांवर उचललेली. पाणी चढले की असे घर होडीसारखे तरंगू लागते आणि पायावरून सुटते. तेच पाणी आत घेतले तर त्याच्या भाराने घर जागी राहण्याची आशा असते.

त्या दिवसाची सकाळ मात्र निराळी होती. मेक्सिकोच्या आखातातल्या या सपाट बेटावर शहराचा सर्वांत उंच भागही समुद्रसपाटीपासून ९ फुटांहून कमी होता. रस्त्यांवर समुद्राचे पाणी येणे लोकांच्या अंगवळणी पडले होते. मुले त्यात खेळत होती. काही घरांत पीठ, साखर वरच्या मजल्यावर नेली गेली. तयारी झाली होती, पण ती नेहमीच्या पाण्यासाठीची.

या समजुतीचा दोष केवळ घरांच्या माथी मारता येत नाही. १८८६ मध्ये त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर वादळाने दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाले, तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्राला भिंत घालण्याची चर्चा झाली होती. पुढे १८९१ मध्ये तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून वादळाने शहराची मोठी हानी होईल ही भीती भ्रामक ठरवली. भिंत झाली नाही. १९०० मध्ये क्यूबातील हवामान-अभ्यासकांना वादळ आखातात शिरेल असे वाटत होते. वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीने मात्र त्यांच्या हवामानविषयक तारा बंद करून ठेवल्या होत्या आणि तिचा स्वतःचा अंदाज वादळ अटलांटिककडे वळेल असा होता.

क्लाइन यांचे घर भक्कम मानले जाई, म्हणून सुमारे ५० माणसे आसऱ्याला तिथे जमली. त्यांच्याच अहवालाप्रमाणे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पाणी ४ सेकंदांत जवळजवळ ४ फूट चढले. पुढे घर कोसळले. आतले १८ जण वाचले. क्लाइन यांची पत्नी गेली. किनाऱ्यावरच्या सेंट मेरी अनाथाश्रमात सिस्टर्सनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना स्वतःच्या कमरेशी बांधून घेतले होते. १० सिस्टर आणि ९० मुले बुडाली. ३ मुलगे वाचले. सुमारे ३७ हजार वस्तीच्या या शहरात किमान ६ हजार माणसे दगावली.

अशा धावपळीला आपण ‘आयत्या वेळची तयारी’ म्हणतो आणि त्यात घरातल्यांच्या गाफीलपणाचा सूर असतो. मला तो अन्याय वाटतो. ज्यांनी वेळेत सांगायचे त्यांनी सांगितले नाही, ज्यांनी बांधायचे त्यांनी बांधले नाही. घरांच्या वाट्याला एक दुपार उरली. त्या दुपारी हाताशी होती ती कुऱ्हाड आणि ती दोरी त्यांनी उचलली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये समुद्रभिंतीचे काम सुरू झाले. पाठोपाठ घरे स्क्रूच्या जॅकवर उचलून, त्यांच्याखाली वाळू भरून शहराची जमीनही उंच करण्यात आली. १९१५ मध्ये पुन्हा तसेच मोठे वादळ आले, तेव्हा शहर टिकले. १७ फूट उंचीच्या त्या भिंतीचा पहिला टप्पा जुलै १९०४ मध्ये पुरा झाला होता, म्हणजे दोन वर्षांच्या आत. क्लाइन यांच्या लेखानंतर वादळ येईपर्यंत शहराच्या हाती ९ वर्षे होती.