कच्चा मसुदा सगळ्यांसमोर

ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. देश जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचा. थंडीत लोक संसदेपुढे भांडी बडवत उभे राहिले. सरकार गेले, आणि राज्यघटनाच नव्याने लिहा, ही मागणी जोर धरू लागली.

काम २५ नागरिकांकडे आले. त्यांत प्राध्यापक होते, शेतकरी होता, पाद्रीही होता. २०११ च्या एप्रिल ते जुलै हे लोक बसले. कलम लिहिले की कच्चेच संकेतस्थळावर टाकायचे. लोकांनी फेसबुकवरून चुका दाखवायच्या, यांनी पुन्हा लिहायचे. आपल्याकडेही १९४८ साली घटनेचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, पण तो पुरा झाल्यावर. आम्हा कवींना तर ओळीतली वेलांटी कुणी हलवलेली खपत नाही!

खरा वाद मासळीचा. कुणाची खासगी मालकी नसलेली समुद्रातली संपत्ती देशाची, असे मसुदा म्हणत होता. मासेमारीचे हक्क धरून बसलेल्या बड्या मालकांना ते कसे रुचणार? २० ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मते मसुद्याच्या बाजूने पडली. मात्र मतदान निम्म्याहून किंचित कमी झाले होते. विरोधकांनी नेमके तेच धरले. शिवाय कौल बंधनकारक नव्हता. घटना बदलायची तर संसदेने ठराव करायचा, मग निवडणूक, मग नव्या संसदेने तोच पुन्हा मंजूर करायचा.

मार्च २०१३ मध्ये संसद मसुदा मंजूर न करताच उठली. तिथे आजही १९४४ चीच घटना चालते.