पर्युदास, प्रसज्यप्रतिषेध आणि संगणकीय पाठशोध

पाणिनीच्या अष्टाध्यायीतील ८.४.४७ या सूत्राने स्वरानंतर येणाऱ्या हकारेतर व्यंजनाचे वैकल्पिक द्वित्व सांगितले आहे. मात्र पुढे स्वर असता कामा नये. 'दध्यत्र'चे 'दद्ध्यत्र' होते ते यामुळे. या निषेधाचा अर्थ दोन रीतींनी लावता येतो. 'स्वराहून भिन्न वर्ण पुढे असावा' हा पर्युदास. 'पुढे स्वर नसावा' हा प्रसज्यप्रतिषेध. अवसानी, जेथे पुढे काहीच नाही, तेथे हा भेद उघड होतो. पर्युदास मानल्यास 'वाक्' तसाच राहतो. प्रसज्यप्रतिषेध मानल्यास 'वाक्क्'ही सिद्ध होते. काशिकेत अवसानातील द्वित्वासाठी वेगळे वचन दिले आहे, हे येथे लक्षणीय होय.

हाच पेच विसाव्या शतकात रेग्युलर एक्स्प्रेशनच्या इतिहासात पुन्हा उपस्थित झाला. क्लीनी यांच्या १९५६ च्या निबंधात मूलक्रिया तीनच होत्या: विकल्प, संयोग व पुनरावृत्ती. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ही पद्धती पाठशोधासाठी योजली. युनिक्सच्या संपादकांत चौकटी कंसातील निषेध रूढ झाला. पण तो निव्वळ पर्युदास होता. तो एका भिन्न अक्षराची अपेक्षा करतो आणि ते अक्षर गिळून टाकतो. 'पुढे अमुक नसावे' एवढेच पाहून काहीही न गिळणारा निषेध १९९४ च्या पर्ल ५ मध्ये आला.

देवनागरीच्या अभ्यासकास हा भेद महागात पडू शकतो. युनिकोडमध्ये मात्रेस स्वतंत्र संकेतांक असल्याने, लेखनातील (उच्चारातील नव्हे) अकारयुक्त 'क' मोजणे म्हणजे ज्यापुढे मात्रा वा हलन्तचिन्ह नाही असा 'क' शोधणे. चौकटी कंसाने हे केल्यास 'एकक' या शब्दात एकच 'क' हाती लागतो, कारण दुसरा पहिल्याच्या शोधात खर्ची पडतो. पाठाच्या अखेरीस 'एक' असेल तर तोही निसटतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरई२ या ग्रंथालयाने, पाठाच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ लागावा म्हणून, हा नवा निषेध मुद्दाम वगळला. वास्तविक पूरक संचही नियमितच असतो, हे राबिन व स्कॉट यांच्या १९५९ च्या निबंधापासून सुपरिचित आहे. अडचण आहे ती अवस्थांच्या संख्येची. तेथे अभ्यासकास 'भिन्न अक्षर किंवा पाठाचा अन्त' असा विकल्प लिहावा लागतो. ही काशिकेचीच युक्ती. तिने 'एक' सापडतो. 'एकक'मधील दुसरा 'क' मात्र तिनेही सापडत नाही.