साडेतीन टनांचं झुंबर आणि सुप्याचा बाजार

मागच्या विकांताला ग्वाल्हेरला जाऊन आलो. निमित्त एका मित्राचं लग्न. मुहूर्त रात्रीचा, त्यामुळे अख्खा दिवस मोकळा होता. हॉटेलात लोळण्यापेक्षा जरा इतिहास बघू म्हटलं आणि रिक्षा करून जयविलास पॅलेस गाठला.

हा महाल जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधला. आराखडा मायकेल फिलोजचा. हे मूळचं इटालियन घराणं, पण पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत मुरलेलं. महालाच्या एका भागात १९६४ पासून संग्रहालय आहे. तलवारी, पालख्या, मारलेले वाघ वगैरे नेहमीचा माल आहेच, पण लक्षात राहते ती काच. जिन्याच्या कठड्याचे खांब काचेचे. फर्निचर काचेचं. बाळकृष्णाचा पाळणासुद्धा काचेचा, तोही इटलीहून आणलेला! जेवणाच्या टेबलावर रुळ टाकलेले आहेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी फिरते. तिच्या डब्यांत पैलू पाडलेल्या काचेच्या बाटल्या. बाटली उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली असतील यात नवल नाही. मला मात्र सारखा एकच प्रश्न पडत होता, हे सगळं रोज पुसतं कोण?

दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत. एकेकाचं वजन साधारण साडेतीन टन, दिवे अडीचशेच्या आसपास. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला रॅम्प बांधून वर हत्ती चढवले होते असं सांगतात. आमच्या भाषेत लोड टेस्टिंग! फक्त टेस्ट फेल गेली असती तर बग रिपोर्ट लिहायला कोणी उरलं नसतं...

एवढा खटाटोप कशासाठी? तर व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर यायचा होता. त्याला दिपवायचं होतं. यामागची गोष्टही मोठी विचित्र आहे. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा जयाजीरावांचं सैन्य त्यांना जाऊन मिळालं आणि महाराज आग्र्याला निघून गेले. इंग्रजांनी त्यांना परत गादीवर बसवलं, पण किल्ला स्वतःकडे ठेवला. तो परत मिळाला १८८६ मध्ये. म्हणजे हा महाल उभा राहिला तेव्हा समोरच्या डोंगरावर गोऱ्यांची पलटण होती. वर त्यांच्या तोफा आणि खाली त्यांच्याच राजपुत्रासाठी टांगलेली झुंबरं. आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी संस्थानाने इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्ज दिलं, तेही याच काळात, १८७२ साली. पैसा होता, किल्ला नव्हता.

दमल्यावर शेजारच्या उषा किरण पॅलेसमध्ये शिरलो. पूर्वी शिंद्यांचे पाहुणे इथे उतरायचे, आता ते आलिशान हेरिटेज हॉटेल आहे. दगडात कोरलेली नाजूक जाळी, हिरवळ, अदबीने वागणारे वेटर. राहणं काही आपल्या खिशाला झेपणारं नव्हतं, पण चहा तर घेऊ म्हटलं. चहा मस्त होता. डोक्यात मात्र १८७४ हा आकडा घोळत राहिला.

त्याचं कारण, मी मूळचा इंदापूरचा. आमच्याकडच्या इतिहासात त्याच्या पुढचं साल फार महत्त्वाचं आहे.

१२ मे १८७५. बारामती तालुक्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना सोनंनाणं नको होतं, हवे होते कागद. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. 'दख्खनचे दंगे' म्हणून शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं, ते हेच.

यामागे बरीच वर्षं साचलेलं दुखणं होतं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली रयतवारीची जमाबंदी पहिल्यांदा बसवली ती आमच्या इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास. तीस वर्षांनी, १८६७ मध्ये, सारा सुमारे दीडपट केला. दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागाल तेवढं कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. कर्ज आणि सारा मात्र तसेच राहिले. ज्याच्या नावावर अंगठा उठवला तो कागद वाचता येत नव्हता. मग जाळणंच सोपं!

याच वर्षी नोव्हेंबरात राजपुत्र मुंबईत उतरला, पुण्यालाही येऊन गेला. १८७६ च्या सुरुवातीला तो ग्वाल्हेरला झुंबरांखाली बसला. त्याच वर्षी आमच्याकडे पावसाने दगा दिला आणि मोठा दुष्काळ पडला. मुळात कमी पावसाचा इंदापूर-बारामतीचा पट्टा त्यात होरपळून निघाला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ग्वाल्हेरच्या झुंबरात सुप्याच्या शेतकऱ्याचा पैसा नव्हता. आमचा सारा जायचा तो इंग्रजांच्या तिजोरीत. त्यामुळे 'बघा, आमच्या रक्ताची झुंबरं' असं म्हणणं खोटं ठरेल. पण वर्षं तीच होती आणि दोन्हीकडे साहेबही तोच होता. एकाने त्याला काचेतून आपली श्रीमंती दाखवली, दुसऱ्याने कागद जाळून आपली गरिबी. नवल म्हणजे साहेबाने दोन्हींची दखल घेतली! दंग्यांवर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जरोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. दुष्काळी कामातून नीरा डावा कालवा आला. १८८५ च्या सुमारास तो पूर्ण झाला आणि बारामती-इंदापूरचा ऊस आजही त्या पाण्यावर उभा आहे. मी ज्या कालव्यात पोहायला शिकलो, त्याला मी कधी 'हेरिटेज' म्हटलं नव्हतं.

आणि काचेचं म्हणाल, तर तीही आपल्याकडे आली, पण अगदी वेगळ्या वाटेने. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, की माणशी फक्त एक पैसा गोळा करून देशी कारखाने काढायचे. टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये ओगल्यांनी कराडजवळ कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. आमच्या आजीकडे तसाच एक होता. रोज संध्याकाळी ती त्याची काच राखेने पुसायची. ती कोण पुसतं हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नव्हता.

जयविलास जरूर बघा, झुंबरं खरंच अप्रतिम आहेत. फक्त पुढच्या वेळी बारामतीला जाताना सुप्यातून जा आणि बाजारात पाच मिनिटं थांबा. तिथे तिकीट नाही, गाइड नाही. जे होतं ते जाळलं गेलं, आणि ते जाळलं म्हणूनच आपल्याला आठवतंय.

असो. लग्न छान झालं. हॉलमध्ये झुंबर होतं, प्लास्टिकचं.