सासूबाईंचे पाय

राजवाड्यासमोर बसले की लोक वाड्याचे सात मजले बघतात, मी बायकांच्या टाचा बघते. खोड लागली सासूबाईंमुळे.

त्या मधुमेही. भर उन्हात राजवाड्यापासून इतवारियातल्या काँच मंदिरापर्यंत अनवाणी जायच्या. “चटका नाही बसत गं मला!” आम्ही समजलो भक्ती. एक दिवस लादीवर ओला डाग दिसला. तळव्याचा फोड फुटला होता, त्यांना पत्ताच नाही. पुढे एक बोट गेलं.

मग मी जुने ग्रंथ काढून बसले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेराव्या अध्यायात पायांची बरीच दुखणी आहेत, मथळा ‘क्षुद्ररोग’. क्षुद्र म्हणे! फार चालणाऱ्याच्या कोरड्या पायाला भेगा पडतात ती पाददारी. आपल्या विहार करणाऱ्या साध्वींच्या टाचा आठवा. खडा-काटा लागून बोराएवढी कडक गाठ होते ती कदर, म्हणजे आपलं कुरूप. घाण चिखलानं बोटांच्या बेचक्यात खाज सुटते तो अलस, म्हणजे चिखल्या.

कदर कापून काढून तापल्या तेलानं डागायला सांगितलंय. आज तसं करू नका, ब्लेड तर नकोच. घट्ट चप्पल बदलली की कुरुपावरचा दाब जातो. चिखल्या बुरशीच्या, बेचकं कोरडं पुसायचं आणि बुरशीचं मलम नेमानं लावायचं. भेगांना कोकमाचं तेल उत्तम. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती बहुधा तळव्याच्या पट्ट्याची. पोटरी ताणायचा व्यायाम केला की काही महिन्यांत बहुतेकींना आराम पडतो.

पण मला जे हवं होतं ते चरकसंहितेत सापडलं. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची बधिरता आणि आग सरळ लिहून ठेवली आहे. साखर वाढून नसा मरतात हे डॉक्टरांनी समजावलं, खूण मात्र किती जुनी! आणि आमच्या घरात तिचं कौतुक चाललं होतं. अशा पायाला कढत पाणी नको, बिब्बा नको, आणि फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता सासूबाई पहाटे जातात, फरशी गार असताना. रात्री मी चष्मा लावून त्यांचे तळवे, बेचकी बघते. “सुनेनं पाय बघायचे म्हणजे काय,” म्हणत त्या अजून पाय ओढून घेतात.