हळद, तेल आणि पेशीचे पटल

फोडणीत हळद आपण तेलातच का घालतो? पाण्यात टाकली तर ती नीट विरघळत नाही, थोड्या वेळाने तळाशी बसते. तेलात पडली की मात्र लगेच रंग सोडते. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा आहे त्या कर्क्युमिनला पाण्याचे वावडे आहे आणि तेलाची ओढ आहे. एवढा एक गुण लक्षात ठेवा. “हळद कशावरही चालते” असे जे तुम्ही ऐकता, त्यातले बरेचसे कोडे याच गुणातून सुटते.

हे द्रव्य हळकुंडातून पहिल्यांदा वेगळे काढले ते पॅरिसमध्ये, १८१५ साली, फोगल आणि पेल्तिए या दोघांनी. (याच पेल्तिएने पुढे १८२० मध्ये काव्हाँतूसोबत सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले.) कर्क्युमिनची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडले. हळदीच्या पुडीत ते साधारण ३ टक्के असते.

दरम्यान दुसरीकडे वेगळाच शोध चालू होता. पेशीच्या आत काय जाते आणि काय बाहेर अडते, हे कोण ठरवते? १८९०च्या दशकात झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन याने वनस्पतींच्या पेशींवर शेकडो रसायने वापरून पाहिली. त्याच्या लक्षात आले, की जे तेलात सहज विरघळते ते पेशीतही सहज शिरते. म्हणजे पेशीभोवतीचे आवरण स्वतःच तेलकट असले पाहिजे. १९२५ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या लाल पेशींचा स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले. मग आवरण दोन थरांचे! गंमत म्हणजे त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी चित्र पूर्ण केले. पेशीपटल म्हणजे तेलाचा पातळ, हलता थर, आणि त्यात प्रथिने रुतलेली. यातली काही प्रथिने दारे आहेत, काही निरोप घेणारी. आपली बहुतेक औषधे अशाच एखाद्या प्रथिनाला, कुलपात किल्ली बसावी तशी, नेमकी बसतात.

आता पुन्हा हळदीकडे वळू. १९४९ मध्ये कर्क्युमिन जंतूंना रोखते असे ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढच्या दशकांत प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते घातले, की काही ना काही चांगला परिणाम दिसेच. सूज कमी होई, गाठीच्या पेशी मरत, नाना प्रथिनांचे काम बदले. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. आपल्या सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवले. ही लढाई आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हळदीविषयीचा खरा अवघड प्रश्न पेटंट कुणाचे हा नव्हता, असे मला वाटते. एकच रेणू इतकी वेगवेगळी कुलपे कशी काय उघडतो, हा होता.

उत्तर न्यूयॉर्कमधल्या ओलाफ अँडरसन यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्यांनी ग्रॅमिसिडिन नावाचा छोटा रेणू वापरला. पटलाच्या दोन थरांतला एकेक रेणू टोकाला टोक लावून उभा राहिला, की आरपार नळी होते आणि तिच्यातून जाणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजता येतो. पटल ताठ असेल तर जोडी लवकर तुटते, लवचीक असेल तर जास्त टिकते. २००७ मध्ये दिसले, की कर्क्युमिनने पटल लवचीक होते. दुसऱ्या एका गटाने २००८ मध्ये ते पटल पातळ करते असेही दाखवले. मग २०१४ मध्ये अँडरसन यांच्या गटाने मिरचीतले कॅप्सायसिन, ग्रीन टीमधले ईजीसीजी, सोयाबीनमधले जेनिस्टीन आणि द्राक्षातले रेस्व्हेराट्रॉल हेही तपासले. पाचही रेणू पटलात शिरून त्याचा पोत बदलतात, आणि त्यामुळे आत रुतलेल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या प्रथिनांचे काम बदलते.

म्हणजे इथे किल्ली नव्हतीच. भिंतच हलवली, की सगळी दारे थोडीथोडी सरकतात! त्यामुळे बशीतल्या पेशींवर “सगळ्यावर गुणकारी” दिसणे हा कौतुकाचा नव्हे, सावध होण्याचा मुद्दा आहे. २०१७ मध्ये काही औषध-रसायनतज्ज्ञांनी १२०हून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेऊन लिहिले, की कर्क्युमिन कोणत्याही कडक चाचणीत यशस्वी ठरलेले नाही. यावर टीकाही झाली, आणि गुडघ्याच्या झिजेत थोडा आराम पडल्याचे सांगणाऱ्या छोट्या चाचण्या आहेत, हेही सांगायला हवे.

शिवाय बशीत जेवढे कर्क्युमिन घालतात तेवढे जेवणातून रक्तात पोचतच नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले, तरी रक्तात जेमतेम सापडले. सोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर ते प्रमाण सुमारे २० पट झाले. (पिपरीन शोधणारा ओर्स्टेड म्हणजे विजेच्या तारेशेजारी होकायंत्राची सुई हलते हे दाखवणाराच.) बाजारातल्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क येतो तो इथून.

तुमच्या वरणातली हळद या हिशेबात कुठेच बसत नाही, ती निर्धास्त खा. प्रश्न कॅप्सूलचा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. दहापैकी सात जणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एकच विशिष्ट जनुक-प्रकार आढळला. म्हणजे ही इजा पटल हलल्याची नसून बहुधा काही जणांच्या शरीराने दिलेल्या उलट्या प्रतिक्रियेची आहे. तो जनुक-प्रकार आपल्यात आहे की नाही हे आधी कुणालाच माहीत नसते.

तेव्हा अशी कॅप्सूल चालू असेल तर डबीवर ‘पिपरीन’ किंवा मिरीचा अर्क लिहिला आहे का पाहा. पिपरीनमुळे फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचे रक्तातले प्रमाणही वाढते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्न नकोसे झाले तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. येताना ती डबी सोबत आणा. “आणखी कोणती औषधे घेता?” असे विचारले, तर हळदीच्या गोळीचे नाव सहसा कुणी घेत नाही, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषध नसतेच.