रेसिडेंट पामरचे दोन संसार : परिस्थितिजन्य पुरावा आणि वंशशोध



स्मृतिव्याख्यान म्हणजे पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याचा प्रसंग. म्हणून आज मी पूर्वजांचा शोध हाच विषय निवडला आहे. पूर्वज कोण, हे सांगणे सोपे असते; त्याची पत्नी कोण, हे सांगणे मात्र पुष्कळदा अवघड जाते. कंपनी सरकारच्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण फारच तीव्र होते. त्यांच्या विलायतेतील विवाहाची नोंद चर्चच्या दफ्तरात सापडते. हिंदुस्थानातील संसाराची नोंद बहुधा कोठेच नसते. मग तो संसार नव्हताच, असे म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास पेशवे दरबारातील इंग्रज वकील विल्यम पामर याचे उदाहरण उत्तम आहे. १७९८ ते १८०१ या काळात, म्हणजे नाना फडणविसांच्या अखेरच्या दिवसांत, तो पुण्याला रेसिडेंट होता. तत्पूर्वी तो वॉरन हेस्टिंग्जचा विश्वासू सहायक, लखनौचा रेसिडेंट आणि शिंद्यांच्या दरबारातील वकील होता. १७६१ मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर सारा हेझेल या स्त्रीशी त्याचा विवाह झाला. कलकत्त्याचा विख्यात व्यापारी जॉन पामर हा त्या विवाहाचा पुत्र. हा झाला पहिला संसार. त्याला लेखी पुरावा आहे.

दुसरा संसार फैज बख्श या मुसलमान स्त्रीबरोबरचा. येथे चर्चची नोंद मिळावी अशी अपेक्षाच चुकीची ठरते, कारण बाप्तिस्मा न घेतलेल्या स्त्रीचे लग्न पाद्री लावीत नसे. तेव्हा संशोधकाने अन्य साक्षीदार हुडकले पाहिजेत.

पहिला साक्षीदार मृत्युपत्र. पामर १८१६ मध्ये बहरामपूर येथे वारला. आपल्या मृत्युपत्रात त्याने फैज बख्श हिचा उल्लेख पस्तीस वर्षांहून अधिक काळाची स्नेहमयी सहचारिणी असा केला आहे. मृत्यूच्या वर्षापासून पस्तीस वर्षे मागे मोजली, तरी सहवासाचा आरंभ १७८१ च्या अलीकडे आणता येत नाही. त्यांचा मुलगा विल्यम याचा जन्म १७८० चा. पुढे हैदराबादेत सावकारी पेढी काढून गाजलेला तो हाच. दोन स्वतंत्र साधने एकाच काळाकडे बोट दाखवितात.

दुसरा साक्षीदार मुलांचे नाव. विल्यम, मेरी, हेस्टिंग्ज ही मुले बापाचे आडनाव उघडपणे लावीत होती. एकाला तर बापाच्या आश्रयदात्याचे नाव दिलेले आहे. लपविलेल्या संबंधातील मुलाला कोणी आपल्या वरिष्ठाचे नाव देत नाही. तिसरा साक्षीदार दिल्लीचा बादशहा शाहआलम. त्याने फैज बख्श हिला बेगम ही पदवी दिली.

चौथा साक्षीदार सर्वांत बोलका, तो म्हणजे चित्र. १७८५ च्या सुमारास लखनौला काढलेले पामर कुटुंबाचे एक अपुरे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मध्ये पामर, शेजारी फैज बख्श, मुले, दासी आणि पामरच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक स्त्री. हे चित्र कोणाच्या हातचे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. ही दुसरी स्त्रीही पामरची पत्नीच, असेही एकेकाळी मानले गेले. परंतु फैज बख्शला नूर बेगम नावाची बहीण होती, हे लक्षात घेऊन ती आकृती त्या बहिणीची असावी, असे अलीकडे प्रतिपादन झाले आहे. चित्रात एखादी स्त्री पुरुषाशेजारी बसली एवढ्यावरून ती त्याची बायको ठरत नाही, हा धडा प्रत्येक वंशशोधकाने गाठीशी बांधावा.

ही नूर बेगम आपल्या इतिहासाला अगदी जवळची आहे. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभारणारा सेनापती डी बॉईन याची ती जोडीदारीण. नोकरी सोडून तो १७९७ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा ती व दोन मुले त्याच्याबरोबर होती. पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, त्याने आदेल द’ओस्मों या फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले. नूरशी असलेला संबंध युरोपच्या कायद्याने त्याच्या आड आला नाही. नूर हेलन बेनेट या नावाने ससेक्समध्ये राहिली आणि १८५३ मध्ये तेथेच वारली. गंमत अशी, की आदेलला डी बॉईनपासून संतती झाली नाही. १८३० मध्ये त्याच्यामागे वारसा चालला तो नूरच्या मुलाचा. कायद्याने जिला पत्नी म्हटले नाही, तिच्याच कुशीतून वंश पुढे गेला.

पामरच्या आधीचा पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. त्याच्याही घरी अंबर कौर ही स्त्री होती आणि तिची मुले होती. इंग्लंडला परतल्यावर, १७९९ मध्ये, त्याने चित्रकार जेम्स वेल्स याच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केले. माथेरानचा शोध लावणारा ह्यू मॅलेट हा या विवाहाचा मुलगा. माथेरानला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचे नाव ठाऊक असते. अंबर कौर किती जणांना ठाऊक आहे?

आता या पुराव्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मृत्युपत्र, आडनाव, पदवी, चित्र हे चार साक्षीदार एकत्र आले म्हणजे काय सिद्ध होते? दीर्घ सहजीवन सिद्ध होते, मुलांचे पितृत्व सिद्ध होते, समाजाने ते नाते ओळखले होते हे सिद्ध होते. निकाह लागला होता, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. जे सिद्ध झाले ते ठामपणे सांगावे आणि जे झाले नाही ते अनुमान म्हणून वेगळे ठेवावे. दुसरी कसोटी अशी, की साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. एकाच कागदाच्या चार नकला म्हणजे चार पुरावे नव्हेत.

आपल्या भागातील शोधकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेणारा टॉमस मन्रो मद्रास इलाख्याचा, आणि १८२४ मध्ये कित्तूरच्या वेढ्यात पडलेले तोफखान्याचे अधिकारीही मद्रासचेच. म्हणून येथील आरंभीच्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने व दफने केवळ मुंबईच्या नोंदवह्यांत शोधून भागत नाही. मद्रासच्याही पाहाव्या लागतात. कित्तूरला मारला गेलेला कलेक्टर थॅकरे हा प्रसिद्ध कादंबरीकाराचा चुलता. त्या कादंबरीकाराच्या वडिलांनाही कलकत्त्यात विवाहापूर्वीची सारा नावाची मुलगी होती, आणि तिचा माग लागतो तो पुन्हा मृत्युपत्रातील तरतुदीवरूनच. प्रेम लपविता येते, पण पैशाची तरतूद कागदावर यावीच लागते.

हे सारे गोऱ्यांचे म्हणून दूर सारू नका. थोरल्या बाजीरावाच्या आणि मस्तानीच्या नात्याला शास्त्राची संमती नव्हती, तरी समशेरबहाद्दर पेशव्यांच्या घरात वाढला, १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि त्या जखमांनीच गेला. आपल्या घराघरांतील वंशावळी उघडून पाहा. दहा-दहा पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे असतात, आणि स्त्रियांची जागा कोरी असते. जेथे नाव आहे तेथे ते सासरचे. माहेरचे नाव लग्नातच पुसले गेले. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, वतनाचे कागद, वारसाच्या नोंदी, दानपत्रे आणि जुनी पत्रे यांतून ही नावे अद्याप निघू शकतात. फैज बख्शसाठी जे साक्षीदार जमविले, तेच आपल्या पणजीसाठी जमविता येतात.

मलप्रभेच्या उगमाशी असलेल्या या कणकुंबीतील लोकांना उगमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे : घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव व गाव विचारा, ऐकलेले तारखेसह लिहून ठेवा, आणि कोणी सांगितले तेही लिहा. हा कागद पुढच्या पिढीच्या शोधकाचा पहिला साक्षीदार होईल.